भोपळ्याचा चार थरांचा चीजकेक

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतो. आमच्या न्यू जर्सीतल्या घरी त्या दिवशी जेवायला पंधरा-सोळा माणसं असतात, निम्मी मराठी, निम्मी शेजारपाजारची. दिवाळीचा फराळ नुकताच संपलेला, बाहेर पानगळ सरत आलेली, आणि गोड काय करायचं हे आता कुणी विचारत नाही. भोपळ्याचा चीजकेक ठरलेला आहे. तळाला आल्याच्या बिस्किटांचा थर, त्यावर पांढरा चीजकेक, त्यावर केशरी भोपळ्याचा आणि सगळ्यात वर साउअर क्रीमचा, म्हणजे विरजून आंबट केलेल्या घट्ट सायीचा, पातळ पांढरा थर. कापल्यावर चारही थर रेघ मारल्यासारखे वेगळे दिसले पाहिजेत.

पहिल्या वर्षी ते दिसले नव्हते. तळाचं बिस्किट भिजून लगदा झालं होतं, केशरी थर पांढऱ्यात उतरला होता आणि मधोमध करंगळी जाईल एवढी भेग होती. चव बरी होती, सगळ्यांनी खाल्लाही, पण मला वाईट वाटलं. पुढच्या दोन-तीन खेपांत लक्षात आलं की गडबड बहुतेक पाण्याची होती. भोपळ्यात नको तेवढं पाणी राहिलं होतं, ओव्हनमध्ये टिनखाली ठेवलेलं पाणी टिनमध्ये शिरलं होतं, आणि जिथे पाण्याच्या वाफेने आच मवाळ ठेवायची तिथे मी घाईने आच वाढवली होती. तेव्हापासून हा चीजकेक करताना प्रत्येक पायरीला मी एकच गोष्ट बघते: इथलं पाणी काढायचं आहे की राखायचं आहे.

नावात केक असला तरी हा केक नाही. यात मैदा नाही, फुगवायला बेकिंग पावडर नाही. अंडी आणि चीज मंद आचेवर धरून येतात, बस्स. ज्यांनी घरी खरवस केलाय त्यांना हे लगेच कळेल. खरवस वाफेवर हळू शिजला तर सुरी फिरवल्यावर गुळगुळीत वडी पडते. आच जास्त झाली तर जाळी पडते आणि ताटलीत पाणी सुटतं. चीजकेकचा स्वभाव अगदी तोच.

भोपळा कुठला घ्यायचा

हॅलोविनला कोरायला आणतात तो मोठा, पातळ सालीचा भोपळा घेऊ नका. तो तंतुमय असतो, पाणी फार आणि गोडी कमी. इथले बहुतेक लोक डब्यातला गर वापरतात आणि मीही तोच वापरते, त्यात कमीपणा काही नाही. लिबीज नावाने जो डबा मिळतो त्याचा भोपळा इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो. त्याचं वाण डिकिन्सन, दिसायला फिकट तपकिरी आणि लांबट. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो कुकुर्बिटा मॉस्काटा या जातीचा आहे, आणि आपल्याकडे मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळाही बहुतांशी याच जातीचा. इथल्या दुकानातला बटरनट स्क्वॉशही त्यातलाच. म्हणून त्या डब्याची चव आपल्याला परकी वाटत नाही, घारग्यांच्या पिठाची आठवण येते.

डबा घेताना एवढंच बघा की त्यावर नुसता भोपळा लिहिलाय. शेजारीच 'पंपकिन पाय फिलिंग' असा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो. तो इथे चालत नाही.

ताजा भोपळा वापरायचा तर बटरनट घ्या. उभा चिरून, बिया काढून, कापलेली बाजू खाली करून २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ५० मिनिटं भाजा. कुकरला लावू नका, वाफेने तो आणखी पाणी पितो. गर काढून मिक्सरला फिरवा आणि चक्क्यासाठी दही टांगतो तसा पंचात बांधून दोन-तीन तास टांगून ठेवा.

साहित्य

२३ सेंटिमीटर व्यासाचा, किमान साडेसात सेंटिमीटर उंचीचा, कडेची कडी उघडून निघणारा स्प्रिंगफॉर्म टिन लागेल. यात चौदा ते सोळा तुकडे होतात.

तळासाठी: आल्याची कडक बिस्किटं (जिंजरस्नॅप) २०० ग्रॅम, पिकॅन (अक्रोडासारखा सुका मेवा) ५० ग्रॅम, वितळलेलं लोणी ८५ ग्रॅम, ब्राउन शुगर २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ.

चीजच्या मिश्रणासाठी: क्रीम चीजच्या २२६ ग्रॅमच्या ४ वड्या, साखर २५० ग्रॅम, साउअर क्रीम १२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, व्हॅनिला २ चहाचे चमचे, मीठ पाव चहाचा चमचा, अंडी ४.

भोपळ्यासाठी: भोपळ्याचा गर ३०० ग्रॅम, ब्राउन शुगर ३ मोठे चमचे, दालचिनी पूड २ चहाचे चमचे, सुंठ १ चहाचा चमचा, जायफळ आणि ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाचा मसाला) प्रत्येकी पाव चहाचा चमचा, लवंग पूड दोन चिमटी, आणखी एका अंड्याचा पिवळा बलक.

वरच्या थरासाठी: साउअर क्रीम २४० ग्रॅम, पिठीसाखर २ मोठे चमचे, व्हॅनिला अर्धा चहाचा चमचा.

सजावटीला: पिकॅन १०० ग्रॅम, मेपल सिरप ३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ.

क्रीम चीज वडीच्या स्वरूपातलंच घ्या. ब्रेडला लावायचं डबीतलं चीज मऊ राहावं म्हणून वेगळं केलेलं असतं, त्याने केक सैल होतो. फिलाडेल्फिया हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण हे चीज फिलाडेल्फियाचं नाही. १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधवाल्याने ते करायला सुरुवात केली, आणि १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं, कारण तेव्हा त्या शहराच्या दुधातुपाचा लौकिक होता. घरी शाकाहारी पण अंडं खाणारे पाहुणे असतील तर साउअर क्रीमच्या डब्यामागचा मजकूर वाचा. काही कंपन्या त्यात जिलेटिन घालतात.

मसाल्याबद्दल एक सांगते. हा जो शरद ऋतूचा वास म्हणतात, तो भोपळ्याचा नसून दालचिनी-सुंठ-जायफळ-लवंगेचा आहे. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये हे मिश्रण 'पंपकिन पाय स्पाइस' म्हणून बाटलीत भरून विकायला काढलं आणि इथल्या कित्येक घरांत आजही तीच बाटली असते. आपल्या घरात यातलं जवळपास सगळं असतंच. जायफळ मात्र आयत्या वेळी किसून घाला, पुडीतलं नको. आणि वेलची घालण्याचा मोह टाळा. मी एकदा घातली होती, त्या चीजकेकला श्रीखंडाचा वास येत होता. श्रीखंड मला प्राणप्रिय आहे, पण इथे त्या वासाने भोपळा पार दबतो.

भोपळा आटवणं

सगळ्या कृतीत मी सर्वात जास्त वेळ इथे घालवते, आणि इथेच थर वेगळे राहणार की नाही ते ठरतं.

आई घारगे करायची तेव्हा किसलेला लाल भोपळा आणि गूळ एकत्र शिजवायची आणि मग कणीक भिजवताना पाण्याचा एक थेंब घालायची नाही. भोपळ्याच्या अंगच्या पाण्यातच पीठ भिजायचं. मिश्रण सैल राहिलं तर घारगा तेल पितो, हे तिचं वाक्य ठरलेलं. इथे तेल नाही, पण हिशेब तोच. ३०० ग्रॅम गरात पाणी भरपूर असतं. ते तसंच चीजमध्ये गेलं तर थर धरायला वेळ लागतो, तोवर कडा जास्त शिजतात, आणि गार झाल्यावर पाणी खाली झिरपून बिस्किटात उतरतं.

रुंद तळाचं पातेलं घ्या, खोल नको. गर पसरून मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने सारखं परतत राहा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं, नुसती वाफ येते आणि डब्याचा कच्चट वास येतो. मग रंग बदलू लागतो, फिकट केशरीचा गडद, विटेकडे झुकणारा होतो. उलथनं तळावरून ओढून बघा. मागे उमटलेली रेघ लगेच मिटत असेल तर थांबू नका. आठ-दहा मिनिटांनी ती रेघ तशीच राहते, पातेल्याचा तळ दिसतो आणि गोळा हलव्यासारखा कडेनं सुटू लागतो. वजन करा, २०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आता ब्राउन शुगर आणि सगळे मसाले घालून एक मिनिट परता. गरम गरात मसाल्याचा कच्चेपणा जातो आणि वास एकदम खुलतो. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट भोपळा चीजमध्ये घातला तर मिश्रण पातळ होतं आणि आटवण्याची मेहनत वाया जाते.

हे काम आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं, फक्त वापरण्याआधी तासभर बाहेर काढा.

तळ आणि मिश्रण

बिस्किटं आणि पिकॅन मिक्सरमध्ये रव्याइतकी बारीक करा. लोणी, साखर, मीठ कालवून टिनमध्ये पसरा आणि सपाट वाटीच्या बुडाने घट्ट दाबा. १७५ अंशांवर दहा मिनिटं भाजा. भाजल्याने तळ कोरडा होतो, वरचा ओलावा सहज शोषत नाही. गार झाल्यावर टिनच्या आतल्या भिंतींना लोणी चोपडा.

क्रीम चीज, अंडी, साउअर क्रीम ही सगळी तीन तास आधी फ्रीजबाहेर काढलेली हवीत. चीजच्या वडीत बोट सहज रुतलं पाहिजे. थंड चीजच्या गुठळ्या होतात, आणि अंडी घातल्यावर त्या फोडायला गेलात तर मिश्रणात हवा भरते.

चीज, साखर, कॉर्नफ्लोअर, मीठ मंद वेगावर फेटा. दोनदा थांबून भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, कारण गुठळ्या तळाशीच लपतात. गुळगुळीत झालं की साउअर क्रीम आणि व्हॅनिला घाला. शेवटी अंडी, एकेक करून, सगळ्यात कमी वेगावर, पिवळं दिसेनासं होईपर्यंतच. इथे फेसायचं नाही. शिरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, मग बसते आणि बसताना केकला भेग पाडते.

मिश्रण तोलून दोन सारखे भाग करा, साधारण साडेसातशे ग्रॅमचा एकेक. एका भागात गार भोपळा आणि बलक घालून स्पॅच्युलाने हाताने कालवा. दोन्ही भांडी ओट्यावर चार-पाचदा आपटा, बुडबुडे वर येतील.

ओव्हनमध्ये

ओव्हन १६० अंश सेल्सिअसला, म्हणजे अमेरिकन ओव्हनवर ३२५ फॅरनहाइटला लावा आणि किटलीत पाणी उकळत ठेवा.

टिनभोवती फॉइल गुंडाळायचं सगळेच सांगतात. मी दोन पदरी गुंडाळलं होतं तरी पाणी शिरलंच, फॉइलला कुठेतरी नखाएवढी चीर पडली असणार. आता मी टिन २५ सेंटिमीटरच्या साध्या, अखंड केकटिनमध्ये ठेवते आणि तो केकटिन मोठ्या ट्रेमध्ये. ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतायचं, बाहेरच्या टिनच्या अडीच सेंटिमीटरपर्यंत. पाणी चीजकेकला शिवतच नाही, तरी त्याची मवाळ आच आणि वाफ दोन्ही मिळतात. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, म्हणून टिनच्या कडा करपत नाहीत आणि मध्य व कडा जवळपास बरोबरीने शिजतात.

आधी फक्त पांढरा भाग ओता आणि २० मिनिटं ठेवा. मग रॅक बाहेर ओढून बघा. कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी धरलेली हवी, वर पातळ साय आल्यासारखी, आणि मध्य अजून ओला. यापेक्षा जास्त शिजवू नका. पांढरा थर पूर्ण शिजला तर वरचा त्याला चिकटत नाही आणि कापताना पत्त्यासारखा घसरून येतो. तो ओला आहे तोवर, टिन न हलवता, भोपळ्याचं मिश्रण चमच्याने कडेपासून आत सोडत जा. उंचावरून ओतलं तर धार साय फोडून आत घुसते. मोठा चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून मिश्रण ओघळू द्यायचं. सगळं पडलं की वरून हलकेच सारखं करा आणि ओव्हनचं दार लावा.

आता ५० ते ६० मिनिटं. पंचेचाळीस मिनिटांपर्यंत दार उघडू नका. नंतर ट्रे किंचित हलवून बघा: कडा स्थिर आणि मधला वाटीएवढा भाग नुकतं लागलेलं दही थरथरतं तसा थरथरायला हवा. तो पाण्यासारखा डुचमळत असेल तर अजून वेळ आहे. प्रोब थर्मामीटर (टोचून आतलं तापमान बघायचं) असेल तर तर्क करावाच लागत नाही. मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस दिसले की वरचा थर घालायची वेळ झाली. ७० च्या पुढे गेलात की अंडं आवळून येतं, पाणी सोडतं आणि भेग पडते. घरात भेट म्हणून काही आणायचंच असेल कुणाला, तर हे थर्मामीटर आणायला सांगा.

साउअर क्रीम, पिठीसाखर, व्हॅनिला आधीच कालवून बाहेर ठेवलेलं असू द्या. ते केकवर कडेपासून आत पसरवा आणि आणखी ८ मिनिटं भाजा. हा थर शिजलेला दिसणार नाही, नुसता चमकेल. फ्रीजमध्ये तो धरतो. थोडी बारीक भेग पडली असेलच तर याच्याखाली झाकली जाते, हा त्याचा दुसरा उपयोग. चवीला तो लागतोच, गोड-तिखट भोपळ्यावर ती आंबटसर गार चव नसली तर दुसरा तुकडा जात नाही.

ओव्हन बंद करा, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवा आणि तासभर आतच राहू द्या. बाहेर काढल्याबरोबर पातळ सुरी टिनच्या कडेने फिरवा. गार होताना केक आक्रसतो, कड टिनला चिकटलेली असेल तर तो मधून फाटतो. मग ओट्यावर दीड-दोन तास.

फ्रीज, आणि कापणं

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकायचं नाही. कोमट केकवर झाकण घातलं की वाफेचे थेंब वर टपकतात आणि पांढऱ्या थरावर डाग पडतात. मी आधी दोन तास उघडाच फ्रीजमध्ये ठेवते, मग टिनवर किचन टॉवेल ताणून त्यावर ताटली ठेवते, म्हणजे राहिलेला ओलावा टॉवेल टिपतो. आठ तास तरी हवेत, रात्रभर ठेवला तर उत्तम. गुरुवारच्या जेवणासाठी मंगळवारी रात्री केलेला चीजकेक बुधवारी केलेल्यापेक्षा जास्त मुरलेला लागतो.

पिकॅन कोरड्या तव्यावर चार मिनिटं भाजा, मेपल सिरप आणि मीठ घालून ते आटून चिकट होईपर्यंत हलवा, आणि पार्चमेंटवर (बेकिंगच्या न चिकटणाऱ्या कागदावर) सुटे पसरा. मेपलचा एक लिटर पाक करायला झाडाचा चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो, म्हणून तो महाग. पण इथे तीनच चमचे लागतात, तेव्हा खराच घ्या, मक्याच्या सिरपमध्ये मेपलचा वास घातलेला नको. पिकॅन ताटं मांडतानाच वर घाला. आधी घातले तर मऊ पडतात.

कापायला लांब, पातळ सुरी आणि शेजारी गरम पाण्याचं उंच भांडं. सुरी बुडवा, पुसून कोरडी करा, सरळ खाली दाबा, करवतीसारखी चालवू नका. प्रत्येक तुकड्याला पुन्हा पुसा, नाहीतर केशरी थर पांढऱ्यावर ओढला जातो.

पुण्या-मुंबईत करणार असाल तर लाल भोपळा गर्द रंगाचा, कापल्यावर कोरडा दिसणारा निवडा आणि वर सांगितल्याप्रमाणे भाजून, टांगून, मग आटवा. जिंजर बिस्किटं नसली तर डायजेस्टिव्हमध्ये एक चमचा सुंठ घाला. साउअर क्रीमऐवजी गोडसर दह्याचा चक्का थोड्या सायीत घोटून घ्या आणि पिकॅनऐवजी अक्रोड. मेपलच्या जागी काकवी चालते, पण एकच चमचा, तिची चव जबर असते.

उरलेले तुकडे फ्रीजमध्ये चार दिवस चांगले राहतात. त्याहून जास्त ठेवायचे तर पिकॅन काढून, एकेक तुकडा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर राहतील. खायच्या आदल्या रात्री गुंडाळलेलेच खालच्या फ्रीजमध्ये उतरवा. ओट्यावर वितळवलेत तर तुकड्याला घाम फुटतो आणि बिस्किटाचा तळ ओला होतो.